मक्तेदारीचे पंचांग

२३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने एका औषधावरील अर्ज फेटाळला. दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता. अर्ज जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीचा होता आणि औषध होते बेडाक्विलिन, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचे. या औषधावरील मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. त्याच औषधाच्या एका क्षारावर कंपनीला दुसरे पेटंट हवे होते. ते मिळाले असते तर तिची भारतातील मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती. जगातील सर्वाधिक क्षयरोगी ज्या देशात आहेत तेथे अशा साडेचार वर्षांचा अर्थ काय, हे जिल्हा रुग्णालयाच्या क्षयविभागाबाहेर अर्धा तास बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

अर्ज आपोआप फेटाळला गेला नाही. त्यावर हरकत घेतली गेली होती, आणि हरकत घेणाऱ्यांत दोन तरुण स्त्रिया होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघी क्षयातून वाचल्या, पण जुन्या विषारी औषधांच्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेली. त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये हरकत दाखल केली. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. या लढ्याची एक बाजू मात्र भाषणात रंगत नाही. ती आहे तारखांची. २००९ मध्ये मुंबईत दाखल झालेल्या अर्जावर २०१९ मध्ये हरकत घेता आली, कारण त्या दिवशी एक दार उघडे होते. ते कधी उघडते आणि कधी मिटते याची माहिती कोणाला तरी होती. ती नसती तर धैर्य दाराबाहेरच राहिले असते.

पेटंट म्हणजे शासन आणि संशोधक यांच्यातील सौदा. संशोधकाने आपली युक्ती कागदावर उघड करायची. शासनाने त्या बदल्यात काही वर्षे इतरांना ती वापरण्यास मनाई करायची. ही वर्षे आज वीस आहेत आणि ती पेटंट मिळाल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, अर्ज दाखल झाल्या दिवसापासून मोजली जातात. त्यामुळे या व्यवहारात पैशाइतकेच मोल तारखेला आहे. १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचेही टेलिफोनसंबंधीचे कागद वॉशिंग्टनच्या कार्यालयात पोचले. पेटंट बेलला मिळाले, आणि त्या दिवशी कोणाचा कागद आधी पोचला यावर पुढे अनेक वर्षे खल झाला.

भारतातील या कायद्याची सुरुवातही मासलेवाईक आहे. १८५६ च्या कायद्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज डी पेनिंग याने ३ मार्च रोजी अर्ज केला आणि २ सप्टेंबरला आकृत्यांसह तपशील सादर केला. यंत्र होते पंखा ओढण्याचे. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दिवसभर दोरीने ओढणाऱ्या माणसाचे पुढे काय होणार, याची चौकशी करण्याचे कलम त्या कायद्यात नव्हते. मक्तेदारी होती चौदा वर्षांची.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. भारतातील बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांतील फारच थोडी या देशात उत्पादनासाठी वापरली जातात, हे त्यांनी साधार दाखवून दिले. त्या अहवालातून १९७० चा कायदा आला. औषधाच्या द्रव्यावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांचे. भारतीय औषध उद्योग त्या मुदतीच्या पोटी जन्मला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून द्रव्यावरचे पेटंट परत आले आणि वीस वर्षांची मुदत तर त्याआधीच, २००२ च्या दुरुस्तीने, कायद्यात शिरली होती. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशात पेटंटपूर्व हरकतीची कारणे आखडून टाकलेली होती. मार्च २००५ मध्ये संसदेत डाव्या पक्षांनी आग्रह धरला म्हणून ती पुन्हा रुंद झाली, आणि जुन्याच द्रव्याचे नवे रूप गुणकारितेत वाढ नसेल तर शोध मानायचे नाही, हे कलम ३(ड) सध्याच्या स्वरूपात आले. बेडाक्विलिनच्या क्षाराला अडवणारी भिंत ती हीच.

आता प्रत्यक्ष वेळापत्रकाकडे वळावे. ते रूक्ष आहे, पण सातबाराही रूक्षच असतो.

अर्जदार प्रथम तात्पुरते तपशीलपत्र देऊन तारीख राखून ठेवू शकतो. पूर्ण तपशीलपत्र त्यानंतर बारा महिन्यांच्या आत आले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. परदेशात आधी अर्ज केलेला असेल तर १८८३ च्या पॅरिस करारानुसार तीच पहिली तारीख बारा महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत चालवता येते. भारत या करारात ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. त्याच दिवशी भारताने स्वीकारलेल्या दुसऱ्या करारान्वये आंतरराष्ट्रीय अर्ज करणाऱ्या कंपनीला भारतात येण्यासाठी पहिल्या तारखेपासून एकतीस महिने मिळतात. अठरा महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. तिच्यासाठी पूर्वी अठ्ठेचाळीस महिने होते, १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना एकतीस आहेत. परीक्षकाचे आक्षेप आले की सहा महिन्यांत उत्तर द्यायचे, शुल्क भरल्यास आणखी तीन महिने. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून दरसाल नूतनीकरणाचे पैसे. यांपैकी एक पायरी चुकली तरी वीस वर्षांचा डोलारा कोसळू शकतो.

तो कधीकधी कोसळतोही. निप्पॉन स्टील या बलाढ्य जपानी कंपनीने भारतातील एका अर्जावर अठ्ठेचाळीस महिन्यांत परीक्षणाची मागणी केली नाही. चूक लक्षात आल्यावर तिने एक तोड काढली : आधीच्या परदेशी तारखेवरचा हक्कच सोडून द्यायचा, म्हणजे महिने नंतरच्या तारखेपासून मोजले जातील. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही तोड मानली नाही. मुदत सरली तेव्हाच अर्ज मागे घेतल्यासारखा झाला, आणि जो अर्ज उरलाच नाही त्यात दुरुस्ती कशी करणार, असा न्यायालयाचा रोख होता.

परंतु असे अपघात विरळा. मोठ्या कंपन्यांच्या दारी पेटंट एजंटांच्या पेढ्या असतात आणि त्या पेढ्यांत प्रत्येक अर्जाचे पंचांग ठेवलेले असते. त्यातूनही चूक झालीच तर २०२४ च्या नियमांनी नवी सोय केली आहे. नियमांत ठरवलेली मुदत चुकली तरी सहा महिन्यांपर्यंतचा विलंब दरमहा शुल्क भरून माफ करून घेता येतो. पूर्वी ही मुभा एकाच महिन्याची होती आणि तिला अनेक अपवाद होते. वेळ विकत मिळू लागला की तो कोणाला परवडतो, हा प्रश्न श्रमिकांच्या पक्षाने विचारायचा नाही तर कोणी?

येथे छोट्या संशोधकाचाही विचार करणे प्राप्त आहे. तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान चालवणारा एखादा कारागीर कांदापेरणीचे किंवा भुईमूग फोडण्याचे सोपे यंत्र करतो. ते तो अभिमानाने कृषिप्रदर्शनात मांडतो, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र छापून येते, आणि त्या क्षणी त्याचा हक्क बहुधा संपलेला असतो. कारण जगजाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. प्रदर्शनात मांडल्यानंतरही बारा महिन्यांत अर्ज करण्याची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. गावच्या यात्रेतील प्रदर्शन त्यात बसत नाही. तात्पुरत्या तपशीलपत्रासह अर्ज करण्यास व्यक्तीला १,६०० रुपये लागतात. मंडपाच्या एका गाळ्याचे भाडे याहून अधिक असेल. मंडपात जाण्याआधी अर्ज, एवढे एक वाक्य त्याला कोणी वेळेवर सांगितले असते तर त्याला पुढचे बारा महिने मिळाले असते. हे सांगण्यासाठी वकील व्हावे लागत नाही.

अर्जदाराच्या मुदतींचे एवढे पुरे. लोकांच्या मुदती निराळ्या आहेत आणि त्यांची कोणतीही पेढी पंचांगे ठेवत नाही. ग्रामीण भागातील कार्यकर्त्याला फेरफाराची नोटीस ठाऊक असते. चावडीवर कागद लागला की पंधरा दिवसांत हरकत नोंदवायची. नाहीतर नोंद प्रमाणित होते आणि मग प्रांताकडे हेलपाटे सुरू होतात. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध होणे म्हणजे अशीच एक नोटीस. फरक एवढाच की चावडी फार दूर आहे, आणि ज्याच्या औषधाची किंमत त्या कागदावर ठरायची आहे त्याला ती कोठे आहे हेही माहीत नसते.

पहिली मुदत पेटंटपूर्व हरकतीची. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, म्हणजे निदान तेवढा अवधी खात्रीचा. त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत हरकत केव्हाही घेता येते, आणि ती कोणालाही घेता येते. रोगी, रोग्यांची संघटना, शिक्षक, कामगार संघ, कोणीही. परंतु सहा महिन्यांनंतरची ही मुदत अशी विलक्षण, की तिचा शेवटचा दिवस हरकतदाराला आधी कळतच नाही. नियंत्रक कोणत्याही दिवशी आदेश देऊ शकतात आणि त्या दिवशी दार मिटते. आदेश झाला, पण प्रमाणपत्र निघायचे आहे, अशा मधल्या काळात हरकत चालेल का, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला होता. आदेशाचा दिवस तोच पेटंटचा दिवस, असे न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले.

याच दारातून मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन शिरली होती. नोव्हार्टिस या स्विस कंपनीने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधासाठी जुलै १९९८ मध्ये चेन्नईत अर्ज करून ठेवला होता. द्रव्यावरचे पेटंट तेव्हा मिळतच नव्हते, पण जागतिक करारान्वये असे अर्ज एका पेटीत साठवून २००५ मध्ये उघडायचे होते. ते उघडले तेव्हा रोग्यांच्या या संस्थेने आणि काही भारतीय कंपन्यांनी हरकती घेतल्या. जानेवारी २००६ मध्ये अर्ज नामंजूर झाला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आत.

दुसरी मुदत पेटंट मिळाल्यानंतरची, एक वर्षाची. ही कायद्याच्या कलमातच आहे. त्यामुळे शुल्क भरून वाढवून घेण्याची वर सांगितलेली सोय तिला लागू पडत नाही. शिवाय येथे कोणालाही नव्हे, ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच हरकत घेता येते. युरोपात हीच मुदत नऊ महिन्यांची आहे. कडुनिंबाच्या बुरशीनाशक तेलावर डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपीय पेटंट सप्टेंबर १९९४ मध्ये मिळाले, आणि वंदना शिवा व त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांची हरकत जून १९९५ मध्ये दाखल झाली, म्हणजे नवव्या महिन्यात. पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि अपिलाचा निकाल २००५ मध्ये लागला. पहिला कागद उन्हाळ्याच्या सुटीनंतर द्यावा असे कोणाला वाटले असते, तर पुढची दहा वर्षे लढायला काही उरलेच नसते. हळदीच्या अमेरिकी पेटंटाविरुद्ध डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जो लढा १९९७ मध्ये जिंकला, त्यात फेरपरीक्षणाचा वेगळा मार्ग होता. तेथे महिन्यांची अशी टांगती तलवार नव्हती.

तिसरी मुदत सक्तीच्या परवान्याची. पेटंट मिळून तीन वर्षे झाली, आणि वस्तू लोकांना परवडणाऱ्या किमतीत किंवा पुरेशी मिळत नसेल, तर दुसऱ्या उत्पादकाला ती बनवण्याचा परवाना मागता येतो. बायर या जर्मन कंपनीला यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्सावर या औषधाचे पेटंट मार्च २००८ मध्ये मिळाले. तीन वर्षे उलटताच जुलै २०११ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने अर्ज केला. नॅटको ही काही धर्मादाय संस्था नव्हे, तिला बाजारपेठ दिसत होती. पण महिन्याला २,८०,००० रुपयांचे औषध ८,८८० रुपयांत देण्याची अट तिने मान्य केली आणि ९ मार्च २०१२ रोजी नियंत्रकांनी परवाना दिला. या निर्णयात बायरनेच भरून दिलेली वार्षिक निवेदने कामी आली. पेटंटचा माल देशात किती आणला, किती विकला, हे दरवर्षी सांगण्याचे कायद्याचे बंधन होते, आणि रोग्यांच्या संख्येशी ते आकडे ताडून पाहताच तुटवडा उघडा पडला. या कलमाखाली दुसरा परवाना आजवर दिला गेलेला नाही.

आता २०२४ च्या नियमांनी लोकांच्या या मुदतींचे काय केले ते पाहावे. वापराचे निवेदन दरवर्षाऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यायचे झाले. पेटंटपूर्व हरकतीला तोवर शुल्क नव्हते, ते लागू झाले. हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रकाने आधी ठरवायचे, अशी एक चाळणी बसली. १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिश्टेनस्टाइन यांच्या एफ्टा गटाशी व्यापारकरार केला आणि पाच दिवसांनी, १५ मार्चला, हे नियम लागू झाले. नियमांचा मसुदा ऑगस्ट २०२३ मध्येच निघाला होता, तेव्हा केवळ तारखांच्या जवळिकीवरून आरोप करणे न्याय्य नाही. पण वापराची माहिती किमान तीन वर्षांच्या अंतराने मागावी आणि प्रथमदर्शनी निराधार हरकती बाजूला काढाव्यात, हे करारातही आहे आणि नियमांतही आहे. नोव्हार्टिसचे माहेर स्वित्झर्लंड. करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. नियम उद्याचे सरकार बदलू शकते. कराराला समोरच्याची संमती लागते.

या बदलांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. प्रतिस्पर्धी कंपन्या बेनामी माणसे उभी करून एकामागून एक हरकती दाखल करतात, आणि त्यामुळे अर्ज वर्षानुवर्षे रखडतात, असे म्हणतात. असे घडते. परंतु बेनामी खातेदार आहेत म्हणून चावडीवरची नोटीस कोणी बंद करीत नाही. शिवाय विलंबाचे खापर हरकतदारावर फोडण्याआधी कार्यालयाचे घड्याळही तपासले पाहिजे. बेडाक्विलिनचा अर्ज २००९ चा. हरकत आली तेव्हा त्याला दहा वर्षे होत आली होती आणि निर्णय व्हायचाच होता. परीक्षकाने अहवाल किती दिवसांत द्यावा हे नियमांत लिहिलेले आहे. अर्जदार चुकला तर अर्ज बाद होतो, हरकतदार चुकला तर हरकत बाद होते. कार्यालय चुकले तर काहीच बाद होत नाही. परीक्षक वाढवा, त्यांना नीट वेतन द्या, ही मागणी औषध स्वस्त करण्याच्या मागणीपासून वेगळी काढता येणार नाही. थकलेला, घाईत असलेला परीक्षक मक्तेदारीच्या जितका सोयीचा असतो तितका रोग्याच्या नसतो.

पक्षाच्या आरोग्य आघाड्यांनी आणि औषधविक्री प्रतिनिधींच्या संघटनांनी येथे काही काम अंगावर घेण्यासारखे आहे. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते आणि कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्यात अर्जाचा क्रमांक, तारीख, अर्जदाराचे नाव, शोधाचे शीर्षक आणि थोडक्यात गोषवारा असतो. शीर्षके मुद्दाम दुर्बोध असतात. औषधाचे बाजारातील नाव त्यांत सापडत नाही, रसायनाचे सापडते. म्हणून एक रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, एक औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आणि हरकतीचा मसुदा नीट करून देणारा एक वकील, असे तिघे लागतील. क्षय, कर्करोग, मधुमेह आणि एचआयव्ही एवढ्याच चार रोगांपुरते हे वाचन ठेवले तरी चालेल. प्रसिद्धीची तारीख वहीत डावीकडे लिहायची, सहा महिन्यांनंतरची उजवीकडे. पेटंट मिळाले असेल तर त्या तारखेसमोर एक वर्ष आणि तीन वर्षे, अशा आणखी दोन तारखा. मुंबईचे कार्यालय अँटॉप हिलला आहे. वडाळ्याला उतरून जाता येते.